उलट्या पिळाचं सूत

सगळे तिला फणीवाली म्हणत. जवसाचे तंतू खिळ्यांच्या फणीतून विंचरावेत तर तिनंच. तिच्या हातून निघालेला झुपका म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखा मऊ, रुपेरी असायचा. पेंढ्या बांधणं आणि देठ कुटणं हे थोरल्या बहिणीचं काम. सूत दोघी मिळून कातत. ताई होती डावखुरी. "हिची गाठ आणि हिचा राग, दोन्ही उलटीकडूनच सुटतात," असं भाऊजी, ताईचे यजमान, म्हणायचे, आणि ताई त्यांच्यावर देठ कुटायची मोगरी उगारायची.

त्या वर्षी जवसाला निळी फुलं आली आणि ताई चार दिवसांच्या तापानं गेली.

पीक काही कुणासाठी थांबत नाही. देठ पिवळे पडले तसे धाकटीनं एकटीनंच ते मुळासकट उपटले. विळा लावला तर तंतू आखूड होतो. पेंढ्या बांधल्या, साल कुजून तंतू सुटावेत म्हणून तळ्यात बुडवल्या, वर दगड ठेवले. बारा दिवसांनी कुजका वास सुटला तेव्हा ती आणि भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पहिलीच पेंढी हातात आली नि तिनं गाठ चाचपून पाहिली. गाठ डाव्या हाताची होती. दुसरीचीही. एकूण एक पेंढीची.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. पाणी गार आहे."

पेंढ्या वाळल्यावर ती शेडमध्ये कुटायला बसली. भर दुपार होती, दारातून लख्ख ऊन आत आलेलं. घाम पुसायला ती थांबली, आणि मोगरीचा आणखी एक ठोका पडला.

भाऊजी दारातच होते. हातात पाण्याचा तांब्या.

"तू थांबली होतीस ना?"

"हो."

"मग?"

भाऊजींनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि मागे न बघता निघाले. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या भावाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "तूही चल."

"एवढा माल टाकून?"

माल हे निमित्त होतं. भीती तिलाही वाटत होती. पण इतक्या दिवसांत तिच्या शेजारी पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं.

तिनं तंतू विंचरले, सूत कातलं, त्याच्या गुंड्या केल्या आणि त्या घेऊन ती विणकराकडे गेली. विणकराचे डोळे अधू झाले होते, सगळी मदार बोटांवर. एकेक गुंडी चाचपून त्यानं दोन ढीग केले.

"या ढिगातलं सूत उलट्या पिळाचं आहे. सोबतीला कोण होतं?"

"कुणी नाही."

"असं कसं? डावखुरं माणूस आहे. हातही तुझ्यापेक्षा सराईत..." ताईचं सूत त्यानं वीस वर्षं विणलं होतं. त्यानं हात अंगरख्याला पुसले. "हे मी मागावर चढवणार नाही, बाई. घेऊन जा."

"मग मला विणायला शिकवा."

त्यानं सरकून मागावर जागा करून दिली.

शिकण्यात थंडी सरली. उभा ताणा तिनं आपल्या सुताचा घातला, आडवा बाणा त्या उलट्या पिळाच्या सुताचा. जवसाचं कापड हाताला गार लागतं. हे मात्र मागावरून उतरलं तेव्हा कोमट होतं, कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं. ते तिनं भाऊजींना नेऊन दिलं. त्यांनी त्यावर नुसता तळहात ठेवला, आणि तिच्याबरोबर घरी परतले.

पुढच्या वर्षीचं सूत विणकरानं पुन्हा चाचपलं. सगळ्या गुंड्या एकाच ढिगात गेल्या.

"सगळं तुझंच आहे," तो म्हणाला.

ती मान हलवून बाहेर आली, भिंतीला टेकली, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली.