फुल अटेंडन्सचा झेंडा आणि हिल्डा मिस

हिल्डा मिस काल गेल्या. आणि ज्यांनी त्यांना शाळेतून घालवलं, तेच आज सगळ्यांत आधी ग्रुपवर हात जोडून उभे आहेत.

"अशा शिक्षिका आता होणे नाही." आमच्या जुन्या कॉलनीतल्या एका काकांनी लिहिलंय. खाली फुलं, पणत्या, सगळा साज.

काका, होत्या ना! तुमच्याच पोरांना शिकवत होत्या. टिकू दिलंत?

नव्वदचं दशक. बंगळुरूत सरकारी कारखान्याची कॉलनी, बाबा तिथे इंजिनिअर. कॉलनीतली आम्ही सगळी मराठी मुलं जवळच्या कॅथलिक प्रायमरी शाळेत.

त्या शाळेत फुल अटेंडन्सचा झेंडा होता. निळ्या सॅटिनचा. आठवडाभर ज्या वर्गात एकही मूल गैरहजर नाही, त्या वर्गाच्या दारावर तो लागायचा.

त्या झेंड्यापायी पोरं तापाने फणफणत शाळेत यायची. गालगुंड झालेली पोरं मफलर गुंडाळून बसलेली मी पाहिली आहेत. पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग घरी.

वा रे शिस्त!

मी तिसरीत असताना आमच्या वर्गाला झेंडा मिळेना. माझ्यामुळे.

कारण आई अंथरुणातून उठत नव्हती. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाबा ड्यूटीवर गेले की तिला एकटं सोडायची मला भीती वाटायची. मग मी घरीच.

आज याला डिप्रेशन म्हणतात. तेव्हा आमच्या घरात "बीपी" म्हणायचे, आणि कॉलनीत "नखरे".

हेडमिस्ट्रेस सिस्टरनी मला असेंब्लीत सगळ्यांसमोर उभं केलं. शेजारी बसणारी मैत्रीण "यू ओन्ली लॉस्ट अवर फ्लॅग!" म्हणाली आणि बोलायचीच बंद झाली.

घरी काय चाललंय, हे विचारलं फक्त एका बाईने.

हिल्डा मिस आमच्या क्लास टीचर. मंगळूरच्या. एका संध्याकाळी त्या थेट घरी आल्या. मला वाटलं, आता तक्रार.

त्यांनी आईच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि त्यांच्या कोंकणीत म्हणाल्या, "कितें जालें, बाय? जेवण जालें?"

आईला इंग्रजी येत नव्हतं, कन्नड 'स्वल्प स्वल्प'. पण हे कळलं. ती मोठ्याने रडायला लागली. मी घाबरले. मिस नुसत्या तिचा हात धरून बसल्या.

मग त्या येतच राहिल्या.

मला सांगितलं, "लेट आलीस तरी चालेल. पण ये." गेटवरच्या वॉचमन अण्णालाही बजावून ठेवलं. वर्गाने झेंड्याची कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "मला झेंडा नको. मला मुलं बरी हवीत."

शनिवारी त्या आईला फिरायला न्यायच्या. चर्चच्या आवारात, कारण तिथे सावली होती आणि बसायला बाक होता. बास, एवढंच.

त्यांनी डॉक्टरही शोधला. बाबांना म्हणाल्या, "सर, हा आजार आहे. याला औषध आहे." पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट ठरली.

आणि कोणीतरी आईला चर्चच्या फाटकातून बाहेर पडताना पाहिलं.

झालं! "ती मिस वहिनींना बाटवायला येते." कॉलनीभर एकच चर्चा. चार काका शिष्टमंडळ घेऊन शाळेत.

यांना कॉन्व्हेंटचं इंग्रजी पाहिजे. ॲडमिशनसाठी सिस्टरच्या दारात तासन्‌तास ताटकळतील. पण त्याच शाळेतली बाई आजारी माणसाच्या उशाशी बसली की यांचा धर्म बुडतो!

मिस यायला लागल्यापासून आई संध्याकाळी उठून देवापुढे दिवा लावायला लागली होती. तो दिवा एकाही काकाला दिसला नाही. आईला विचारायचं तर कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि शाळा? शाळेने काकांना चहा पाजला आणि मिसचा वर्ग काढून घेतला.

तरी अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मिस घरी आल्या. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही आता येऊ नका. आमचं आम्ही बघू."

"सर, उद्या डॉक्टर..."

बाबांनी दार लावलं. आई आत ऐकत होती. मी तिच्याजवळच होते.

वर्ष संपायच्या आत मिस शाळा सोडून गेल्या.

आणि "आमचं आम्ही" काय बघितलं? काहीच नाही. आईला औषध सुरू झालं ते मी कॉलेजात गेल्यावर. मधली सगळी वर्षं तिने भिंतीकडे बघत काढली. ती कोण परत देणार? ग्रुपवरच्या पणत्या?

बाबा, तुम्हीही हे वाचणार आहात. वाचा. तुम्ही दुष्ट नव्हतात, घाबरला होतात. चार लोकांना. मला कळतं ते. पण राग जात नाही, आणि मी तो घालवणारही नाही.

आज सकाळी आईला सांगितलं, मिस गेल्या, आज अंत्यविधी आहे. तिने फक्त विचारलं, "किती वाजता आहे?"

बाबा म्हणाले, "आपल्या व्हाइटफील्डहून तिथवर जायचं म्हणजे केवढं ट्रॅफिक. तुला झेपणार नाही. फुलं पाठवू."

आईने कपाटातून साडी काढली. त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा माझ्या वतीने तुम्ही बोललात. पुन्हा बोलू नका."

कॅब बोलावली आहे. आई केव्हाची खाली जाऊन उभी आहे.

हिल्डा मिस, शांत झोपा. आई येते आहे तुम्हाला भेटायला.