टावेल कोण धरंल?

"कालव्यात बुडी मारली की सर्गाचं तिकीट भेटतं व्हय?" म्हणून चुडाव्यात लय लोक आमाला हसायचे. हसा की! अकरा घरांची आमची ख्रिस्ती मंडळी, पण किस्से अख्ख्या तालुक्याला पुरून उरतील. एक सांगायला बसलं की चार आपसूक मागं येतात.

मी तवा रेल्वे फाटकावर गेटमन होतो. आमचे पाळकसाहेब नगरकडचे, अंगानं काडी, पण नियमाला लय पक्के. आधीचे पाळक तान्ह्या लेकरांवर चार थेंब शिंपडायचे. ह्यांना ते नामंजूर. मोठ्या माणसानं कळूनसवरून पुरं बुडायचं, तवाच बाप्तिस्मा! आन नदीत पाणी टिकायचं न्हाई, म्हणून येलदरी धरणाचं पाणी कालव्याला सुटलं की आमचे बाप्तिस्मे. उसाची पाळी तीच आमची पाळी!

*

एकदा कालव्यावरच्या पाटकऱ्यानं अडवलं. "अर्ज भरा, मंग पाण्याला हात लावा!" आमच्या यशवंत मास्तरनं अर्ज घेतला. त्यात रकाना होता, 'पीक कोणतं?' मास्तरनं ठासून लिहिलं, "आत्मे. चार नग."

पाटकरी म्हणला, "आन क्षेत्र?"

मास्तर म्हणला, "सर्ग! लिव्हून घ्या!"

*

धोंडिबा पैलवानाला बुडवायचं म्हणजे पाळकसाहेबांचीच परीक्षा. तीनदा दाबला, तरी उजवा गुडघा वरच! मास्तर काठावरून वरडला, "गुडघा कोरडा राहिला, साहेब!"

पैलवान तोंडातलं पाणी थुकत म्हणला, "जाऊ द्या त्याला नरकात! तसाबी लय दुखायलाय!"

*

दुष्काळाच्या साली कालवा कोरडा ठाक. बाहेरून एक मोठे साहेब मंडळीच्या तपासणीला आले, म्हणले, "यंदा एकही बाप्तिस्मा नाही? विश्वास कमी झाला वाटतं!"

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, "साहेब, इश्वास लय हाय, पाणी न्हाई. येताना आणलंय का संगं?"

जेवताना त्यांना अर्धाच गिलास पाणी ठिवलं. मुद्दाम!

*

आन गयाबाई. मंडळीत सगळ्यात जुनी. प्रार्थनेला कधी खाडा न्हाई, पण बाप्तिस्मा घेतलेला न्हाई. दरसाली टावेल घेऊन काठावर उभी राहायची, भिजून आलेल्यांची डोकी पुसायची. पाळकसाहेब इचारायचे, "गयाबाई, तुमचा कधी?"

"मी उतरले तर टावेल कोण धरंल?"

सगळे हसायचे. मीबी हसायचो. आता लाज वाटते त्याची.

एका साली तिला धाप लागायला लागली. चार पावलं चालली की बसायची. पाळकसाहेबांना घोर लागला. कमरेएवढ्या पाण्यातून हात जोडून म्हणले, "गयाबाई, बाप्तिस्म्याबिगर तारण न्हाई, सर्ग न्हाई. आज याच."

"मंग माझ्या लेकराचं न्हाईच ना झालं?"

तिला लेकरू झालं होतं हे आमच्यात कोणाला म्हाईतच नव्हतं.

"दोन दिवसाचं होतं. पाणी शिंपडायच्या आधीच गेलं. तुमच्या आधीच्या पाळकानं कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. त्याचं तारण न्हाई म्हणले. आता मी बुडी मारून सर्गात जाऊ, आन ते एकटंच बाहेर राहू दे? न्हाई जमणार! जिथं माझं लेकरू, तिथं मी. सांगा तुमच्या देवाला!"

पाळकसाहेब पाण्यातून बाहेर आले. गयाबाईनं सवयीनं टावेल पुढं केला, त्यांनी घेतला न्हाई. तसेच निथळत कालव्यालगतच्या कबरस्तानात गेले आन बाभळीच्या काट्यांचं कुंपण हातानं उपसायला लागले. पैलवान धावला, मी धावलो. काटे वढत नेऊन, गयाबाईनं बोटानं दावलेल्या लेकराच्या एवढ्याशा ढिगाऱ्याच्या पलीकडं रोवले.

गयाबाई उभी राहून बघत होती. मंग जवळ आली आन पाळकसाहेबांच्या रक्ताळलेल्या हातात टावेल कोंबला.

"धरा," म्हणली, आन कालव्याकडं चालायला लागली.