काकांचा डावा मोजा

मोज्यांच्या बाबतीत इतका चिकित्सक आणि स्वतःच्या पायांच्या बाबतीत इतका बेजबाबदार माणूस अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात दुसरा सापडणार नाही, आणि तो नेमका बॉथेलमध्ये माझ्यापासून तीन घरांवर राहतो. आमचे हे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर पुलांची कामं केलेले इंजिनिअर, मधुमेह जुना. निवृत्त झाल्यापासून डोंगरात किल्ट घालून चालतात, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार स्कर्ट. कोणी हसलं तर म्हणतात, "माझे आजोबा पंचा नेसून डोंगर चढायचे. त्यांना कोणी कारण विचारलं नाही."

आमच्या शनिवारच्या हाइकची यादी मी करते. बर्फाच्या दिवसांत तिच्यात पहिली ओळ असते: सुती मोजे चालणार नाहीत. सुती मोजा ओला झाला की वाळत नाही आणि पाय गारठवतो. त्यात किल्टवाल्याचा मोजा हाच पायजमा, म्हणून तो जाड, लोकरी, गुडघ्यापर्यंतचा आणि न घसरणारा हवा. हे सगळं मला शिकवलं काकांनीच, म्हणून तर संताप. दुकानात ते मोजा खिडकीसमोर धरतात. "ज्यातून पार्किंग लॉट दिसतो ती चाळणी, मोजा नव्हे." मग लेबल वाचतात, कारण ऊब लोकरीची, पण टिकाऊपणा थोड्या नायलॉनचा. एकदा त्यांनी तीन जोड्या ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर घासून पाहिल्या आणि हरलेली जोडी मला वाढदिवसाला दिली. वर म्हणाले, "टाच सोडली तर उत्तम आहे."

तर या जानेवारीत आम्ही चौदा जण निघालो. पार्किंगमध्ये मी सगळ्यांचे पाय तपासले. काकांचे दोन्ही मोजे हिरवे, गुडघ्यापर्यंत. मी यादीवर खूण केली. दोन मैलांवर, बर्फात, त्यांची चाल बिघडलेली दिसली. ओंडक्यावर बसवून डावा बूट काढला, तर आत मोजा सुती! चिंब ओला. बोटं पांढरीफटक.

"काका, हे काय आहे?"

"प्रयोग. एका पायात लोकर, एका पायात सुती. तुलना नको का?"

"आणि रंग मुद्दाम तोच घेतलात! मला फसवायला!"

"तुला फसवायचं म्हणजे तेवढी तयारी लागते, अगं."

मी माझ्या सॅकमधले कोरडे मोजे त्यांना चढवले आणि सगळ्यांना परत फिरवलं. चौदा माणसांचा दिवस वाया. खाली उतरेपर्यंत मी बोलत होते, गाडीत हीटर लावून पुन्हा सुरुवातीपासून बोलले. काकांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. हे इतकं विचित्र होतं, की मीच थांबले.

तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही पाय सारखेच वाटत होते गं."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून डावा काही सांगतच नाही. म्हटलं, थंडी लागल्यावर तरी बोलेल."

"काकूंना सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर डोंगर बंद झाला असता."

मी गाडी वळवून थेट दवाखान्यात नेली. बोटं वाचली. पायाची संवेदना परत येईल असं डॉक्टरांनी काही म्हटलं नाही. सपाट वाटेवर, सोबत असेल तर चाला, एवढंच म्हणाले. माझा राग अजून गेलेला नाही. तीन महिने हा माणूस आमच्याशेजारी चालत होता, टाचा आणि लेबलं यांवर व्याख्यानं देत होता, आणि एवढी एक गोष्ट सांगवली नाही त्याला.

आता यादीत एक ओळ वाढली आहे: दर थांब्यावर काकांचा डावा पाय हाताने बघणे. ते काम मी कोणाला दिलेलं नाही. नदीकाठच्या बाकावर ते किल्ट सारखा करून बसतात, पाय पुढे करतात. मी बूट काढते, मोज्यात हात घालते.

"काय म्हणतोय?" ते विचारतात.

"गरम आहे, काका."

लांबच्या नातेवाइकाची खुशाली कळावी तशी ते मान हलवतात. "बरा आहे ना, मग झालं," म्हणतात आणि उठतात.