पाठ वळली की रंग जातो

बंगळूरच्या चिकपेटेत ब्लाउजपीसचं एक दुकान होतं. तिथला तो माणूस आमच्या साडीकडे एकदाच पाहायचा. साडी टेबलावरच सोडून मागच्या फडताळाशी जायचा आणि पन्नास लालांमधून नेमका आपला लाल काढून आणायचा. "साडी कशाला नेऊ, अक्का? रंग डोळ्यांत घेतलाय," म्हणायचा.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली त्याच्या कानामागे टाक्यांचा वण दिसला. स्कूटरवरून पडला होता. त्या दिवशी तो माझ्या साडीचा पदर हातात धरूनच फडताळाकडे निघाला. हळूच म्हणाला, "डोळे चांगले आहेत, अक्का. पाहिलेलं क्षणभर धरून ठेवायचं मेंदूचं काम बिघडलंय, असं डॉक्टर म्हणाले. पाठ वळली की रंग जातो."

मालक गादीवरून ओरडले, "अण्णा, साडी मळेल, ठेवा ती! तुम्हाला कधीपासून लागायला लागली?"

त्याने साडी ठेवली. फडताळासमोर त्याचा हात एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर नुसता फिरत राहिला. शेवटी एक पीस ओढून आणला. साडीवर ठेवताक्षणी त्याला चूक कळली, मलाही. तो लाल नव्हता, विटकरी होता. मालक बघत होते.

"अगदी बरोबर," मी मोठ्याने म्हणाले.

घरी सासूबाईंनी तो पीस खिडकीशी धरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन आपटला. मी त्यांना अडवलं नाही.

पुढच्या खेपेला टेबलामागे नवा माणूस होता. त्याने माझी साडी उचलली आणि सरळ फडताळाकडे नेली. मालक काहीच बोलले नाहीत.