मेव्हण्यांच्या रेघा

मार्चअखेरपर्यंत प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती. मुदतवाढ मिळत मिळत ही शेवटची, असं विद्यापीठाच्या कचेरीत तोंडावर सांगितलं होतं. मी एक्कावन्न वर्षांचा. उल्हासनगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, राहतो कात्रपला. पीएच.डी. नाही म्हणून बढती अडलेली. सात वर्षं बायको सगळ्या लग्नांना एकटी गेली. 'ते अभ्यासात आहेत' हे ऐकून ऐकून नातेवाइकांनी शेवटी माझ्याबद्दल विचारणंच सोडलं. नोंदणी गेली तर सगळं पहिल्यापासून, आणि ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

विषय सांगतो, कारण सगळं त्यातच अडकलं. एखाद्या परिणामामागे पुष्कळ कारणं असली की त्यातली कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एक पद्धत कारणं एकेक करून आत घेते, बाहेर काढते. दुसरी प्रत्येक कारणावर दंड बसवते. ज्याला तो पेलत नाही ते शून्य होऊन गळतं. पण कारणं एकमेकांत गुंतलेली असली की ती गोंधळते. दोन सारख्यांपैकी एक धरते, दुसरं टाकून देते, आणि कोणतं टाकेल याचा नेम नसतो. म्हणून तिसरी: आधी कारणांचं जाळं काढायचं, ज्यांचा संबंध आहे त्यांच्यात रेघ ओढायची, आणि रेघेच्या दोन टोकांना शक्यतो सारखं वजन द्यायचं. या पद्धतींची तुलना हा माझा प्रबंध, आणि तिसरीत केलेला थोडा बदल हे माझं स्वतःचं काम.

माझं जाळं उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधलं. तिथे जीन्स एका छपराखाली तयार होत नाही. कटिंग एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, काज-बटण तिसऱ्याकडे, धुलाई आणखी कोणाकडे. एक सिंधी व्यापारी, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे वडील, यांनी मला आपल्या कॉम्प्युटरवरचे आकडे दिले: कोणत्या दिवशी कोणत्या कारखान्यात किती माल अडला होता, आणि तयार माल किती उशिरा हातात आला. चाळीसएक कारखाने म्हणजे चाळीसएक कारणं. त्यांतल्या कोणाच्या अडण्यानं उशीर होतो, हा प्रश्न. माल कोणाकडून कोणाकडे जातो ते त्यांत नव्हतं, म्हणून जाळ्यासाठी मी दोन उन्हाळी सुट्ट्या दारोदार फिरलो. प्रत्येक मालकाला एवढंच विचारलं की तुमचा माल पुढे कोणाकडे जातो.

आमच्या कामात पद्धत तपासायला आधी आकडे स्वतःच बनवतात. खरं उत्तर आपणच त्यांत पेरायचं आणि पद्धतीला ते सापडतं का ते बघायचं. तिथे माझी पद्धत पहिली आली. कॅम्प तीनच्या खऱ्या आकड्यांवरही थोड्या फरकानं पहिली आली. मी निष्कर्ष लिहून टाकला.

मग फेब्रुवारीत एक तपासणी केली. कोणी सांगितली नव्हती, पण करायला हवी होती. रेघा तशाच ठेवल्या आणि टोकांवरची कारखान्यांची नावं पत्त्यांसारखी पिसली. आता जाळ्याला काही अर्थ उरला नव्हता. माझी पद्धत घसरायला हवी होती. घसरली नाही. पुन्हा पिसलं. दिवसभर पिसत राहिलो. काही पिसलेल्या जाळ्यांनी तर माझ्या जाळ्यापेक्षा बरं उत्तर दिलं.

बायको मटार सोलत बसली होती. तिला सांगितलं.

"अहो, म्हणजे नावं कुठेही टाकली तरी तेच येतं?"

"तेच येतं."

"मग त्या उन्हात कशाला फिरलात?"

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, फायदा रेघांचा नव्हताच. माझ्या पद्धतीत दंड जरा मऊ झाला होता, तेवढ्यानं आकडे सुधारले. तसा मऊ दंड रेघांशिवायही लावता येतो. तिनं विचारलं, हे कोणाच्या लक्षात येईल का. नाही येणार, मी म्हणालो. मग सोललेल्या मटारमध्ये सालं पडायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं त्या सिंधी व्यापाऱ्यांच्या दुकानात गेलो आणि माझ्या जाळ्याचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले, मग हसायला लागले.

"प्रोफेसरसाब, तुम्ही हातात कागद घेऊन गेलात. आमच्या लाईनमध्ये कागदवाला म्हणजे टॅक्सवाला. त्याला सगळे मेव्हण्याचंच नाव सांगतात."

म्हणजे दोन सुट्ट्यांत मी मालाचा प्रवास काढलाच नव्हता. कोणाची बहीण कोणाकडे दिली, ते काढलं होतं. वर्गात त्या आठवड्यात साधी सरासरी फळ्यावर चुकलो. मुलांनी दुरुस्त केली.

माझे मार्गदर्शक अंबरनाथला राहतात. नावं पिसून आलेल्या उत्तरांचा तक्ता त्यांच्या घरी नेला. सरांनी तो दोनदा वाचला आणि बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, हा घातलात तर निष्कर्ष उलटतो, शीर्षक बदलावं लागतं, पुन्हा समितीपुढे जावं लागतं, आणि समिती जूनच्या आत बसत नाही. आतून चहा आला. सरांचा स्वर अगदी मायेचा होता, तेच जड गेलं.

"तक्ता काढून टाका, मी आत्ता सही करतो. पदवी हातात आली की हाच तक्ता कुठेही छापा. कोण अडवतंय?"

मी चहा संपवून तक्ता पिशवीत घातला. तक्ता काढला असता तर खऱ्या आकड्यांतही उत्तर मीच पेरल्यासारखं झालं असतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. पण सुचून उपयोग काय? तक्ता काढल्याशिवाय सही मिळणार नव्हती आणि महिना संपत आला होता.

शेवटच्या दिवशी कचेरी पाचला बंद होणार होती. दुपारी मी निघालो तो अंबरनाथला नाही, कॅम्प तीनमध्ये गेलो. हातात काही नव्हतं, खिशात पेनसुद्धा नाही. एका कटिंगवाल्यासमोर चहाच्या टपरीला टेकून उभा राहिलो. गठ्ठा बाहेर आला, हातगाडीवर चढला, मी मागे चालत गेलो. दोन गल्ल्या ओलांडून तो एका शिलाईवाल्याकडे उतरला. मी दारावरची पाटी वाचली. कटिंगवाल्यानं मला सांगितलेलंच नाव. तो मेव्हणाच होता. माझ्या नकाशावर ही रेघ होती.

सगळं खोटं आहे असं ठरलं असतं तर निदान टाकून देता आलं असतं. आता तेही नाही. काही रेघा खऱ्या, काही नाहीत, आणि कोणत्या ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या गठ्ठ्याच्या मागे गेलो तो एका टेम्पोआड दिसेनासा झाला.

तीन वाजता सरांचा फोन आला. "येताय का? मी घरीच आहे. अजून वेळ आहे."

"सर, पहिली रेघ खरी निघाली."

"आणि बाकीच्या?"

समोर तिसरा गठ्ठा हातगाडीवर चढत होता. मी फोन कानाला तसाच धरून त्याच्या मागे निघालो.