वडप्याच्या गोदामातला लपंडाव

नाशिकहून निघताना सुधाने माझी पिशवी तपासली. शिट्टी, जाड दोर, चमचे, लिंबं, फुगे, डोळ्यांवर बांधायचे रुमाल.

"सगळं घेतलंय," ती म्हणाली. "धीर कुठे ठेवलाय तेवढं सांगा."

सुधा माझी बायको. गेली कित्येक वर्षं ती मला बघते आहे, त्यामुळे तिला फसवता येत नाही. आमच्या नात्यागोत्यात बारसं असो, साखरपुडा असो, नुसतंच सगळ्यांनी जमायचं असो, खेळ घ्यायचे असले की मला बोलावतात. मला गाणं येत नाही, पंगतीत वाढताना मी रस्सा सांडतो, म्हणून कधीतरी कुणीतरी माझ्या हातात शिट्टी दिली आणि ती तिथेच राहिली. लोकांना वाटतं, हा माणूस मोठा हौशी. प्रत्यक्षात समोर पोरंटोरं गोल करून उभी राहिली की मला पळून जावंसं वाटतं. शिट्टी मी जोरात वाजवतो ती त्यामुळेच.

या वेळचं बोलावणं माझ्या भाचीचं, अनघाचं होतं. तिचं सासर वडप्याजवळच्या एका गावात. जुनं शेतकरी घर, पण आता शेताच्या जागी गोदामं उभी आहेत. मे महिन्यात सगळी भावकी जमणार होती. "मामा, इकडची पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. तुम्ही या आणि काहीतरी करा," असा तिचा फोन. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून नीट झोपलो नाही.

बस कसारा घाट उतरली आणि उकाडा सुरू झाला. पडघ्यापासून पुढे दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची छपरं लागली, एकाला खेटून एक. मधेच एखादा भातशेतीचा तुकडा, त्यात चुकार म्हैस, आणि तिच्या मागे ट्रकांची रांग. ट्रकची मला लहानपणापासून भीती. आमच्या बसला घासून एकेक गाडी जायची तेव्हा मी खिडकीपासून आत सरकायचो आणि सुधाच्या अंगावर जायचो.

"सरका तिकडे. तो ट्रक तुम्हाला न्यायला नाही आलेला," ती म्हणाली.

वडप्याला न उतरता आम्ही आधी भिवंडीत गेलो, कारण बक्षिसाला टॉवेल घ्यायचे होते. धामणकर नाक्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे आपल्या आयुष्याची फेरतपासणी करायची. चारी बाजूंनी रिक्षा, टेंपो, हातगाड्या, आणि या सगळ्याच्या मागून, गल्ल्यांच्या पोटातून येणारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खटखटाट. शेअर रिक्षावाला ओरडला, "चाचा, या तो इधर रहो या उधर, बीच में घर मत बनाओ!" सुधाने माझा हात धरून मला पलीकडे नेलं. टॉवेल तिनेच निवडले. मी पिशवी छातीशी धरून उभा होतो.

अनघाचा दीर निखिल गाडी घेऊन न्यायला आला. कॉलेजात जाणारा, उंच, मितभाषी मुलगा. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, संगीत खुर्ची तर नाही ना?"

मी डोक्यातली खुर्च्यांची कल्पना तिथेच सोडून दिली.

घरी पोचलो तर अंगणात चुली पेटलेल्या. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी), कांद्यावर परतलेली. अनघाचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, स्वतः वाढत होते. पांढरा शर्ट, हातात जाड घड्याळ, आवाज शेतावरून शेतावर जाईल असा.

"घ्या पावणं, लाजू नका. दुपारच्याला पोरांना पळवायचंय ना तुम्हाला? अंगात जोर नको?"

"कुठे घ्यायचे खेळ?" मी विचारलं.

"हितं कुठं उन्हात मरता! गोदामात घ्या. आज सुट्टी हाय. माल हाय थोडा, पण मधी जागा न्हाय असं न्हाय."

गोदाम पाहिलं आणि मी दारातच थांबलो. आत एवढी जागा की माझी हाक परत यायला वेळ लागत होता. एका बाजूला कापडाच्या गाठी दोन माणसांच्या उंचीला रचलेल्या, त्यांच्यामध्ये अंधाऱ्या बोळी. समोरच्या बाजूला माल चढवायचा फलाट, बाहेरच्या जमिनीपासून छातीएवढा उंच. त्या फलाटाला पाठ लावून एक बंद बॉडीचा ट्रक उभा होता, मागची दारं सताड उघडी. गोदामाची फरशी आणि ट्रकची फळी एका पातळीत. माल चढवून झाला होता, पण ड्रायव्हर शकीलभाई आंघोळीला गेला होता.

खेळांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. फुगे उकाड्याने आपोआप फुटले. लिंबू-चमच्यात अण्णांच्या एका चुलतभावाने लिंबू खाऊन टाकलं. रस्सीखेच शिट्टी वाजायच्या आत संपली, कारण एका बाजूला माल चढवणारी दोन तरणीताठी माणसं होती आणि दुसऱ्या बाजूला सुधा. निखिल एका गाठीवर बसून मोबाइल बघत होता.  वीस-पंचवीस पोरं माझ्याकडे बघत होती, जशी बंद पडलेल्या पंख्याकडे बघतात.

मग आर्या पुढे आली. आर्या म्हणजे अण्णांच्या मोठ्या मुलाची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला.

"काका, लपंडाव घ्या ना. इथे लपायला काय भारी आहे!"

एकदम गलका झाला. निखिलसुद्धा उठला. "राज्य माझ्यावर," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात मी जरा जास्तच बोललो. शिट्टी वाजवून नियम सांगितले. "गोदामाच्या बाहेर जायचं नाही. जो सापडणार नाही तो जिंकला. आणि निखिल लबाड आहे, तो नावाने हाका मारील, आई बोलावतेय म्हणेल, सरबत आलंय म्हणेल. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही! मी स्वतः 'डाव मोडला' म्हणेन, तेव्हाच बाहेर यायचं."

पोरांना ते फार आवडलं. आर्याने तर मान डोलावून ते पाठ केल्यासारखं केलं.

डाव रंगला. निखिल बोळींमधून फिरत होता, हसण्याचे दबके आवाज येत होते. मी खुर्ची टाकून साहेबासारखा बसलो. शकीलभाई ओल्या केसांनी आला. वॉचमनने ट्रकची दारं ओढली, कुलूप लावलं, किल्ली शकीलभाईच्या हातात दिली, प्लास्टिकचं सील अडकवलं.

"निकलूँ साहब?" शकीलभाईने मलाच विचारलं, कारण खुर्चीवर मीच होतो.

मी शिट्टीने निघायची खूण केली. गाडी धूळ उडवत हायवेकडे वळली. मला बरंच वाटलं. एक ट्रक कमी झाला.

एकेक करून सगळे सापडले. आर्या सापडेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "आर्या जिंकली!" मी उभा राहून ओरडलो, "डाव मोडला!" हाक भिंतीवर आपटून परत आली. पुन्हा ओरडलो. मग सगळी पोरं मिळून ओरडली. गाठींच्या मधून कुणी आलं नाही.

पहिल्यांदा सगळे हसत होते. मग हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. माणसं गाठींवर चढली. कुणी मोबाइलचे दिवे बोळींमध्ये मारले. एखादी गाठ घसरली असेल, खाली असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. कुणी मागच्या विहिरीकडे पळालं.  आर्याची आई दीपाली आली, पदर खोचलेला, हात पिठाचे.

"काका, तिला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"गोदामाच्या बाहेर जायचं नाही म्हणालो होतो. आणि…"

"आणि काय?"

"हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

ती वळली आणि हाका मारत बोळींमध्ये शिरली. 

अण्णा फलाटाच्या कडेला उभे होते. मघाशी ट्रक होता तिथे आता ऊन पडलं होतं.

"मामा," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "गाडी लागलेली हाय तवर ती गोदामच असती. सील लागून हलली, मंग ती बाहेर. आमच्या पोरापोरींना ह्ये शिकवावं लागत न्हाय."

आर्याने माझा नियम मोडला नव्हता. तिने तो इथल्या रीतीने अगदी काटेकोर पाळला होता.

शकीलभाईचा फोन वाजत राहिला. तो गाडी चालवत असणार. निखिलने गाडी काढली, अण्णा पुढे बसले, मी मागे. दीपालीला सुधाने धरून ठेवलं होतं. हायवेला लागलो आणि जिकडे बघावं तिकडे तसलेच ट्रक. तपकिरी दारं, पिवळे पट्टे, मागे लोंबणारी काळी चिंधी. प्रत्येक बंद दाराआड मला ती दिसत होती. बाहेर डांबर वितळत होतं, मग आत काय असेल? गाडीतल्या एसीचा वारा अंगाला लागत होता आणि मला तो सहन होईना. मी काच खाली केली.

"काका, काच वर घ्या," निखिल म्हणाला.

"राहू दे रे," अण्णा म्हणाले.

एवढ्यात फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला. शकीलभाई पडघ्याच्या अलीकडे एका धाब्यावर चहाला थांबला होता. अण्णांनी झालेलं सांगितलं. 

"या अल्ला. रुको सेठ, देखता हूँ।"

दार बडवल्याचे आवाज आले. "बेटी! आर्या बेटी! कोई है अंदर?" पुन्हा बडवणं. मग तो फोनवर आला, धापा टाकत.

"सेठ, कोई आवाज नहीं। माल ही माल है। और सील तोड़ा तो पार्टी माल वापस करेगी, आपका नाम खराब होगा। बोलो तो तोड़ता हूँ, पर अंदर कोई नहीं लगता।"

"तोड सील!" अण्णा ओरडले. पण त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता. आवाज नाही, याचे दोनच अर्थ होते. एक, ती तिथे नाही, म्हणजे विहीर. दुसरा अर्थ कुणी तोंडाने काढत नव्हतं.

तेव्हा मला ते सुचलं. सुचलं म्हणजे काय, भीतीने तोंडातून बाहेर पडलं.

"शकीलभाई! नाव मत लो उसका! सिर्फ बोलो, डाव मोडला! जोर से! डाव मोडला!"

"क्या बोलूँ?"

"डाव मोडला!"

त्या माणसाला काय वाटलं असेल कोण जाणे. पण त्याने विचारलं नाही. त्या धाब्यासमोर, भर उन्हात, बंद ट्रकच्या दाराशी तोंड नेऊन तो ओरडला, "डाव मोडला! ए बेटी, डाव मोडला!"

आधी काहीच नाही. मग फोनमधून, लांबून, पत्र्यावर लाथ मारल्यासारखा आवाज. आणि त्याहून बारीक एक आवाज. शब्द कळले नाहीत. अण्णांनी डोळ्यांवर हात ठेवला. निखिलने गाडीचा वेग वाढवला आणि लगेच कमी केला, कारण त्याला रस्ता दिसत नसावा.

आम्ही पोचलो तेव्हा आर्या धाब्याच्या बाजेवर बसली होती. चेहरा लालबुंद, वेण्या ओल्या, केसांत कापसाचे तंतू. कुणीतरी तिच्या डोक्यावर ओला गमछा ठेवला होता. शकीलभाई तिला घोट घोट पाणी देत होता, तुटलेलं सील त्याच्या मुठीतच होतं. अण्णा तिच्या शेजारी बसले आणि तिचा पाय हातात घेतला.

"अगं, यांनी तुला एवढ्या हाका मारल्या, दिली का नाहीस ओ?" निखिलने विचारलं.

"ओळख ना पाळख, मी कशाला ओ देऊ?" ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "गाडी हलली तेव्हा मी रडले थोडं. पण डाव मोडला म्हणाले, मग कळलं, हे आपल्यातलेच आहेत." मग माझ्याकडे वळली. "काका, मी जिंकले ना?"

 मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

शकीलभाई म्हणाला, "साहब, अगली बार ऐसा गेम मत खिलाओ। अपना तो दम निकल गया।" अण्णांनी माल घेणाऱ्या पार्टीला स्वतः फोन लावला आणि नव्या सीलची जबाबदारी घेतली. संध्याकाळी अंगणात पुन्हा चुली पेटल्या. शकीलभाईलाही जेवायला थांबवलं. दीपालीने माझ्या ताटात भाकरी वाढली, दुसरीही वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ते मला बरोबर वाटलं. टॉवेल कुणाला मिळाले ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची बस पकडली. खेळ घेणाऱ्या माणसाला वाटतं, मैदान आपण आखतो. पण जिथे जावं तिथली रेघ आधीच कुणीतरी आखलेली असते, आणि ती पोरांना दिसते, पाहुण्याला दिसत नाही. यापुढे कुठेही गेलो तर शिट्टीआधी तिथल्याच एखाद्या मुलाला विचारीन, बाबा, इथे आत म्हणजे कुठपर्यंत? अर्थात शिट्टी आता माझ्याकडे नाही, हेही एक बरंच झालं.

पडघ्याला बस थांबली. रस्त्याकडेला एक बंद ट्रक उभा होता, ड्रायव्हर दिसत नव्हता. चहाचं निमित्त करून मी खाली उतरलो. इकडेतिकडे पाहिलं. मागच्या दारावर बोटांनी टकटक केली आणि पत्र्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणालो, "डाव मोडला."

आत शांत होतं. मी पुन्हा एकदा म्हणालो, आणि बसमध्ये येऊन बसलो.

सुधाने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता आयुष्यभर ऐकावं लागणार.

"होतं का कुणी?" तिने विचारलं.

"नाही."

"नीट ऐकलंत ना?"

ती हसत नव्हती. बस सुटली तरी मागे वळून त्या ट्रककडे बघत होती.