सिद्ध न झालेला फरक

आत्या धारला न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा आतोबांना वाटलं, पाय मुरगळलाय. त्यांनी घरीच शेक दिला, पट्टी बांधली. चार दिवस झाले तरी दुखणं हटेना म्हणून एक्स-रे काढला, तर खुब्याचं हाड मोडलेलं. मग तिला देवासला माझ्याकडे आणलं.

मी हाडांच्या डॉक्टरांच्या संशोधनातली आकडेमोड करते. आत्या सरदारपूरला गणित शिकवायची, त्यामुळे माझं काम घरात तिला एकटीलाच कळायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "हल्ली काय चाललंय?"

मी सांगितलं, "खुबा मोडल्यावर लवकर ऑपरेशन केलं तर जास्त लोक वाचतात का, ते बघतोय. जास्त वाचलेले दिसतात, पण अभ्यासातले रुग्ण थोडे आहेत. खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी लागते. आमची जराशी वर गेली. म्हणजे लिहायचं, फरक सिद्ध झाला नाही."

"पाचच का?"

"रूढी आहे."

"सोवळ्यासारखी," आत्या म्हणाली आणि हसता हसता कळ येऊन थांबली. आतोबा शेजारीच बसले होते.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर छातीत कफ भरला आणि आत्या गेली.

धारला, सुतकाच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आतोबा सांगत, "उशिरामुळे नाही गेली ती. भाचीनं अभ्यास केलाय. फरक नहीं पड़ता." ते बरोबर नव्हतं. पण त्यांना तेवढाच आधार होता, म्हणून मी आतल्या खोलीत ऐकून गप्प राहत होते.

एके दुपारी तिरल्याहून आत्याचा जुना विद्यार्थी आला. त्याचीही आई आदल्या दिवशी पडली होती, पाय टेकवत नव्हती. आतोबांचं ऐकून तो म्हणाला, "तो फिर पहले गेहूँ निकलवा लूँ, बाद में माँ को अस्पताल ले जाऊँगा."

मी बाहेर आले. "नहीं भिया, आज ही ले जाओ."

"पर ये तो कह रहे हैं..."

"सिद्ध नहीं हुआ, बस इतना. फरक है ही नहीं, ऐसा नहीं."

तो उठून गेला. मग आतोबा म्हणाले, "म्हणजे तिला लगेच आणलं असतं तर?"

"तिचं कुणालाच सांगता येणार नाही, आतोबा."

"तुला काय वाटतं?"

मी त्यांच्याजवळ बसले. "लवकर झालेलं बरं, असं वाटतं."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर भेटायला आलेल्यांना त्यांनी अभ्यासाचं काही सांगितलं नाही.

तिरल्याच्या त्या विद्यार्थ्याची आई वेळेत ऑपरेशन होऊन काठी धरून चालायला लागली, असं पुढे कळलं. मी ते आतोबांना सांगितलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.